जोतिबाच्या नावावरचा वेळ

आकाराम शेडगे सैन्यातून हवालदार होऊन परत आला, तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या त्याच्या गावाला वाटलं, आता हा एक तर बैलजोडी घेईल, नाही तर ग्रामपंचायतीला उभा राहील. त्यानं दोन्ही केलं नाही. तो सांगलीला गेला आणि एका थंड खोलीत बसून राहिला. त्या खोलीत काय आहे, हे गावाला नीट कधीच कळलं नाही. त्याची आई राहीबाई विचारणाऱ्याला सांगायची, "लोखंडाची कपाटं हायीत. त्येस्नी उकाडा सोसत न्हाई. पोरगा त्येंच्यापाशी बसतोय."

माहिती चुकीची नव्हती. मिरज रस्त्यावरच्या एका दुमजली इमारतीत काही साखर कारखाने, एक बँक आणि हळदीचे थोडे व्यापारी यांनी मिळून सहकारी गणनकेंद्र काढलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीनं वापरून टाकलेला काँप्युटर बोटीनं मुंबईला आणि तिथून ट्रकनं सांगलीला आला. घाटात जकातीवाल्यांनी आत काय आहे विचारलं, तेव्हा ड्रायव्हरनं 'गिरणीचं सामान' असं सांगितलं होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत या यंत्राबद्दल जी काही विधानं झाली, त्यांत सत्याच्या सर्वांत जवळ जाणारं हेच असावं.

आकाराम सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशांच्या तारा सांभाळणाऱ्या तुकडीत होता. तारांची त्याला भीती नव्हती आणि इंग्रजी पुस्तक समोर आलं तर तो ते शेवटापर्यंत वाचायचा, कळो न कळो. म्हणून त्याला मुख्य ऑपरेटर केलं. मे महिन्यात सांगलीत स्वेटर घालून चहाला येणारा तो एकटाच इसम होता. यंत्र अडलं की तो त्याला बैलाला घालतात तशी हाळी घालायचा. आश्चर्य म्हणजे ते पुष्कळदा चालूही व्हायचं.

एका कारखान्याचा कारकून दादासो हिशेबाची भोकं पाडलेल्या कार्डांचे ट्रे घेऊन आला की त्याची एकच मागणी असायची.

"हवालदार, आमचं काम आदी लावा. त्या बँकेचं काय, त्येंचं व्याज पळून चाललंय व्हय?"

"सगळ्यांचं संगंच चाललंय."

"यंत्र एक. संगं कसं चालंल?"

"तू फडावर गेलायस न्हवं? असं समज, फडात माणसं पाच आन् कोयता एकच. मुकादम एकाच्या हातात कोयता देतोय, त्येनं चार ऊस तोडलं की काढून घेतोय, दुसऱ्याला देतोय. एकांदा पाणी प्यायला गेला तर त्येच्यासाठी थांबत न्हाई, फुडच्याला देतोय. पर कोण कुठवर आला हुता, ही खूण मुकादम बरुबर ध्येनात ठेवतोय. आला माघारी, की तितनं फुडं. आन् कोयता हितक्या झटक्यात फिरतोय, की पाची जणांस्नी वाटतं, आपल्याच हातात हाय."

"म्हंजी आमाला नुसतं वाटतंय."

"वाटतंय त्येवढं बास हाय."

यंत्रात खरोखरच असा मुकादम होता. तो म्हणजे कपाटात कुठेतरी कायम मुक्काम ठोकून असलेला एक प्रोग्रॅम. पुस्तकात त्याला मोठं भारदस्त नाव होतं. केंद्रात आम्ही सगळे आकारामाचाच शब्द वापरायचो. मोठं काम असलं तर मुकादम त्याचेही धागे वेगळे करायचा. एक धागा कार्डं वाचणार, एक बेरजा करणार, एक छापायला लावणार, आणि ज्याला जेव्हा कोयता हवा तेव्हा त्याला देणार. हिशेब मात्र सगळ्या धाग्यांचा मिळून एकाच नावावर.

हा हिशेब ठेवायची पद्धत साधी होती. आत एक घड्याळ ठरावीक अंतरानं टोला द्यायचं. टोला पडला की मुकादम बघायचा, कोयता आत्ता कुणाच्या हातात आहे, आणि मागच्या टोल्यापासूनचा सगळा वेळ त्याच्या नावावर मांडायचा. एखाद्यानं मधल्या वेळात भरपूर काम करून टोल्याच्या आधी हात मोकळे केले, तर तो सुटला. एखाद्यानं नुकता कुठे कोयता हातात घेतला, तर सगळा भार त्याच्यावर. सरासरीनं न्याय होतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. ज्याच्यावर टोला पडतो त्याला सरासरी दिसत नाही, हे पुस्तकात नव्हतं.

आणि एक अडचण होती. पाचही माणसं एकाच वेळी पाणी प्यायला गेली तर? टेप फिरतेय, कार्डं सरकताहेत, प्रिंटर खडखडतोय, कुणालाच बेरीज-वजाबाकी नको आहे. अशा वेळी कोयता जमिनीवर ठेवता येत नाही. तो कुणाच्या तरी हातात असावा लागतो. म्हणून रांगेच्या अगदी शेवटी एक माणूस उभा केलेला असतो. त्याला काही तोडायचं नसतं. दुसरं कुणी हात पुढे करेपर्यंत त्यानं कोयता धरून नुसतं उभं राहायचं. त्या शेवटच्याला नाव लागतं, कारण टोला त्याच्यावरही पडतो. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, "काय नाव घालू? काहीही चालतं."

काहीही चालतं हे खरं नव्हतं, पण ते पुढं कळलं.

आकारामाचं गाव एका जुन्या पाटाच्या शेपटाला. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. ज्याची त्याची पाळी झाली की त्यानं बारं मोडायचं, म्हणजे आपल्या वावरातलं पाणी तोडायचं, आणि पुढच्यानं ते धरायचं. सगळ्यांच्या पाळ्या संपल्या तरी पाटात थोडं पाणी येतच राहायचं. ते कुणाचं, यावरून पूर्वी टिकाव-फावडी चालली होती. मग जुन्या लोकांनी ते देवाच्या नावावर टाकलं. पाळीच्या यादीत सगळ्यांत खाली 'जोतिबा' एवढंच लिहायचं आणि पाणी देवाच्या तुकड्यात सोडून द्यायचं. ते किती गेलं, कुणी मोजत नसे. "बेवारशी पाण्यावनं डोस्की फुटत्यात," आकाराम सांगायचा, "नाव लावलं की पाणी गप पडतंय."

तेव्हा इंजिनिअरनं विचारल्यावर आकाराम म्हणाला, "जोतिबा घाला."

"हे कोण?"

"मालक."

इंजिनिअरनं मान डोलावली आणि तसं घातलं. मालक लोकांची नावं विचारू नयेत, एवढं त्यालाही कळत होतं.

त्या इमारतीत जोतिबा नावाचा एक माणूस आहे, हे आकारामाला माहीत नव्हतं असं नाही. पण देवाचं नाव घालताना शिपाई आठवत नाही.

जोतिबा रणपिसे आष्ट्याकडचा. वय चाळिशीचं, अंगानं वाळका, बोलायला हळू. त्याचा जन्म झाला तेव्हा त्याच्या घरात देव होते, म्हणून हे नाव पडलं. छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर त्याच्या बापानं दीक्षा घेतली आणि देव टोपलीत घालून कृष्णेत सोडून दिले. नाव तेवढं शाळेच्या दाखल्यावर होतं, ते राहिलं. नाव परत करण्याची सोय तेव्हा कुठं नव्हती. केंद्रात तो शिपाई होता. कार्डांचे ट्रे वाहायचा आणि यंत्राच्या खोलीची फरशी पुसायचा. धूळ ही यंत्राची वैरीण, आणि काम चालू असताना ओल्या फडक्यानं वायरींच्या आसपास फिरणं धोक्याचं. म्हणून आकारामानं नियम केला होता, की फरशी पुसायची ती यंत्राला काम नसेल तेव्हाच. जोतिबा नियम पाळणारा माणूस होता. पुढं जे झालं त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात देशात आणीबाणी आली आणि थोड्या दिवसांनी केंद्रात प्रशासक आले. निवडून आलेलं संचालक मंडळ घरी गेलं. भिंतींवर कमी बोलण्याबद्दल आणि जास्त काम करण्याबद्दल पाट्या लागल्या. पाट्या वाचून लोक खरोखर कमी बोलायला लागले. चहाच्या टपरीवर नवा कुणी येऊन बसला की जुने लोक पावसाबद्दल बोलायचे, पाऊस नसला तरी.

प्रशासकांचं नाव आप्पासाहेब इनामदार. ते कधी ओरडले नाहीत. ते ओरडत असते तर बरं झालं असतं. निदान आत काय चाललंय, ते व्हरांड्यात कळलं असतं. आता माणूस आत जायचा, दार लागायचं, आणि थोड्या वेळानं तो बाहेर येऊन आपला डबा आणि छत्री उचलायला लागायचा. कार्डं लावणारा नाथाजी असाच गेला. कार्डांची वाट बघत तो मांडीवर हात ठेवून बसला होता, एवढंच. आप्पासाहेबांना रिकामं बसलेलं काही बघवत नसे. त्या इमारतीत 'रिकामा' हा शब्द हळूहळू कुणी उच्चारेनासं झालं. बाटलीत पाणी नसलं तर लोक म्हणत, बाटली भरायची आहे.

आल्या आल्या आप्पासाहेबांनी मुंबईला कळवलं, की यंत्रावर कामाचा अतोनात बोजा आहे आणि दुसरं यंत्र तातडीनं हवं. मग पुरावा असावा म्हणून त्यांनी प्रोसेसरचा वेळ कोण किती घेतो, याचा तक्ता मागवला. असा तक्ता यंत्र आपणहून छापायचं. तोपर्यंत तो कुणी वाचला नव्हता. दादासो त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उसाच्या खेपा मांडायचा.

तक्त्यात सगळ्यांत वर जोतिबा होता. सगळे कारखाने आणि बँक मिळून जेवढा वेळ घेत होते, त्याहून जास्त त्याच्या एकट्याच्या नावावर होता.

आप्पासाहेबांनी आकारामाला बोलावलं. "शेडगे, हा जोतिबा कुठल्या संस्थेचा?"

आकारामाच्या तोंडात उत्तर आलं होतं. पण त्या उत्तरात 'रिकामा' हा शब्द होता, आणि नाथाजीला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. तो गप्प उभा राहिला. साहेबांनी त्याच्या गप्प राहण्याकडे नीट बघून घेतलं, हजेरीपट ओढला आणि बोट खाली खाली नेत ते थांबले.

"हा तर आपल्याकडेच आहे."

जोतिबा आला. हात ओले होते, ते त्यानं सदऱ्याला पुसले.

"बसा," आप्पासाहेब म्हणाले.

त्या खोलीत शिपायाला कुणी बसा म्हटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. जोतिबा खुर्चीच्या कडेला टेकला.

"यंत्र चालवता येतं तुम्हाला?"

"न्हाई साहेब. फरशी पुसतो मी."

"यंत्रावर कारखान्याचं काम चालू असतं तेव्हा पुसता?"

"तवा परवानगी न्हाई. कुणाचं काम नसलं की पुसतो."

"म्हणजे तुम्ही आत असता तेव्हा यंत्रावर दुसऱ्या कुणाचं काम नसतं."

"नसतं साहेब."

"आणि खोलीत तेव्हा कोण असतं?"

"कोण न्हाई. मी आन् बादली."

आप्पासाहेबांनी तक्ता आणि साफसफाईच्या वेळांची वही शेजारी शेजारी ठेवली. ज्या दिवशी कामं कमी आली, त्या दिवशी जोतिबानं खोली दोनदा पुसली होती. आणि त्या दिवशी तक्त्यातल्या जोतिबाचा वेळही चढला होता. ज्या दिवशी कामाची गर्दी, त्या दिवशी हाही कमी, तोही कमी. दोन्ही आकडे बैलजोडीसारखे एका लयीत चालत होते. पुराव्याच्या दृष्टीनं पाहिलं तर इतका स्वच्छ पुरावा क्वचित सापडतो. त्यात एकच खोट होती. तो खरा नव्हता.

बाहेर आल्यावर जोतिबा खुशीत होता. "हवालदार, साहेब लय चांगलं बोललं वो. मला बसा म्हनलं."

"बसा म्हनलं?" आकारामानं विचारलं. तो तिथंच उभा होता, त्यानं ऐकलं होतं. पण जोतिबाच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्या स्वेटरच्या आतही हुडहुडी भरली.

आकारामानं मग गावाकडचा माणूस करतो तेच केलं. भांडणाचं पाणी गुपचूप दुसऱ्याच्या वावरात वळवलं. त्यानं एक प्रोग्रॅम चढवला. त्यात काही नव्हतं. एकात एक मिळवायचा, परत एक मिळवायचा, मिळवतच राहायचं. तो त्यानं 'चाचणी' या खात्यावर, रांगेत जोतिबाच्या एकच पायरी वर उभा केला. आता पाचही जण पाणी प्यायला गेले की कोयता चाचणीच्या हातात जायचा आणि ती तो सोडायची नाही. शेवटच्या माणसापर्यंत कोयता पोहोचेचना. पुढच्या तक्त्यात जोतिबाच्या नावासमोर शून्य आलं.

तो तक्ता आकाराम स्वतः घेऊन गेला आणि सैन्यात उभं राहतात तसा उभा राहिला. "साहेब, जोतिबा शून्य. माणूस तर रोज कामावर हाय. म्हंजी त्यो ह्यो न्हवं."

आप्पासाहेबांनी शून्याकडे समाधानानं पाहिलं. "मी विचारपूस केली, आणि चोरी थांबली. शेडगे, पुष्कळ चोर असेच सापडतात."

तेव्हा आकाराम घाबरला. इतका वेळ त्याला वाटत होतं की गैरसमज झाला आहे, आणि गैरसमज दूर करता येतो. आता त्याला दिसलं, की या खोलीत आकडा चढला तरी जोतिबा दोषी आणि उतरला तरी जोतिबा दोषी. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. कोयता, मुकादम, रांगेतला शेवटचा माणूस, गावचा पाट, देवाचं पाणी. मधेच चाचणीचंही सांगितलं. आप्पासाहेबांनी एकदाही मधे न बोलता ऐकलं.

"म्हणजे यंत्र बहुतेक वेळ रिकामं असतं?"

"रिकामं न्हाई साहेब. वाट बघत असतंय. टेपची, कार्डांची..."

"याला कागदावर काय म्हणायचं?"

आकारामानं खाली बघितलं. "रिकामं."

"आणि मी मुंबईला काय लिहून बसलोय?"

आकारामाला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

"तुमचं म्हणणं लिहून द्या," आप्पासाहेब म्हणाले. आकारामानं लिहून दिलं, शेवटी पाटाची आकृतीही काढली. साहेबांनी कागदाची नीट घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "हे मी वाचलेलं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

मग एक फौजदार आला. तो सरळ माणूस होता, निदान त्याची वही सरळ होती.

"चोरी कशाची?"

"वेळेची," आप्पासाहेब म्हणाले.

"घड्याळ गेलंय?"

"नाही. यंत्राचा वेळ."

"मुद्देमाल?"

आप्पासाहेबांनी तक्ता पुढं केला. फौजदारानं तो उलटसुलट करून पाहिला. मागच्या बाजूला उसाच्या खेपा होत्या, त्याही वाचल्या. "साहेब, चोरीला चोरलेली वस्तू लागते. असं कोर्टात उभं राहणार नाही."

"कोर्टातच न्यायला पाहिजे असं कुठं आहे?" आप्पासाहेब इतक्या मृदूपणे म्हणाले, की फौजदारानं वही मिटली. त्या दिवसांत एक कायदा असा होता की त्याला वस्तूही लागत नसे आणि कारणही. वर कुणीतरी यादी करत होतं आणि याद्यांमध्ये जागा होती.

जीप आली ती सकाळची, सगळे कामावर असताना. जोतिबा मागच्या पडवीत फडकं पिळत होता. दोघे पोलीस त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यानं एकदा व्हरांड्याकडे पाहिलं. व्हरांड्यात आम्ही होतो. प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम होतं.

"बादली आत ठिवून येऊ का?" त्यानं विचारलं.

परवानगी मिळाली. त्यानं बादली पालथी घातली, फडकं दांडीवर वाळत टाकलं आणि जीपमध्ये बसला. आकाराम धावत फाटकापर्यंत गेला. "जोतिबा, गड्या, मी बगतो! काय तरी करतो!" जोतिबानं हात हलवला. त्याला अजूनही वाटत होतं की काहीतरी विचारायला नेताहेत.

आकारामानं जे केलं ते त्याच दिवशी केलं. त्यानं चाचणीचा प्रोग्रॅम काढून टाकला. पाणी परत देवाच्या तुकड्यात गेलं. पुढच्या तक्त्यात जोतिबा पुन्हा सगळ्यांच्या वर. आकाराम तो कागद घेऊन दार न वाजवता आत शिरला.

"साहेब, ह्ये बगा! माणूस कोठडीत हाय आन् जोतिबा हितं चाललाय! आता तरी?"

आप्पासाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. "म्हणजे तो एकटा नव्हता."

"साहेब, मीच हाय दुसरा. नाव मी घातलंय. मला धरा."

"तुम्हाला?" आप्पासाहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मुंबईचे पाहुणे येताहेत. तुम्ही गेलात तर यंत्र कोण चालवून दाखवणार? मला?"

पाहुणे आले. त्यांना तक्ता दाखवला. सगळा वेळ कुणाच्या ना कुणाच्या नावावर गेलेला, रिकामी जागा औषधालाही नाही. एका पाहुण्यानं सगळ्यांत वरच्या नावाकडे बोट दाखवून विचारलं, ही कुठली संस्था? आप्पासाहेब म्हणाले, "आमचे सर्वांत मोठे सभासद." दुसरं यंत्र मंजूर झालं. ज्या वेळेबद्दल एक माणूस आत होता, तोच वेळ बाहेर असा उपयोगी पडला. आकाराम शेजारी स्वेटरमध्ये हात घालून उभा होता आणि सगळे दिवे अगदी व्यवस्थित लुकलुकत होते.

रविवारी तो आष्ट्याला जायचा. जोतिबाची बायको बायडाबाई दारात भेटायची. पहिल्यांदा तिनं त्याला बसा म्हटलं नाही.

"काय चोरलं म्हनं त्येंनी तुमच्या यंत्रातलं?"

"काय न्हाई, वैनी."

"आन् काय न्हाई चोरल्याबद्दल किती दिस ठिवत्यात?"

 आकाराम उंबऱ्याजवळ उभाच राहिला. शेवटी तिनं चहा टाकला. त्यानं तिथंच, त्याच घरात, बशीत ओतून प्याला. सैन्यातनं आलेल्या शेडग्यानं रणपिशांच्या घरी चहा घेतला, ही बातमी त्याच्या गावी त्याच्या आधी पोहोचली. राहीबाईनं विचारलं, तर तो म्हणाला, "चा चांगला हुता." त्यानं अर्ज केले. मामलेदारापासून वरपर्यंत, जिथं पत्ता मिळेल तिथं. प्रत्येक अर्जात त्याला एकच गोष्ट समजावून सांगायची होती, की काही न करण्याचंही यंत्रात नाव लागतं. अर्ज वाचणारी मंडळी नोकरीतली होती. ही गोष्ट खरं तर त्यांना लगेच कळायला हवी होती. उत्तर कुठूनच आलं नाही. एकदा साध्या कपड्यातला एक माणूस केंद्रात येऊन, शेडगे कोण, एवढं विचारून गेला. त्या दिवसापासून आकाराम गावाहून निघताना आईच्या पाया पडायला लागला.

पुढं निवडणुका झाल्या, सरकार गेलं, आणि आतले लोक सुटले. सांगलीच्या स्टँडवर पुढाऱ्यांसाठी हार आणले होते. त्यांच्या मागून पिशवी घेऊन जोतिबा उतरला. कुणीतरी त्याच्याही गळ्यात एक घातला आणि त्याला पुढं ओढून म्हणालं, दोन शब्द बोला. जोतिबानं गर्दीकडे बघितलं. "मी फरशी पुसतो," तो म्हणाला. लोकांना त्यात काहीतरी मोठा अर्थ दिसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आप्पासाहेबांची तोपर्यंत बढतीवर बदली झाली होती. नव्या मंडळानं जोतिबाला परत घेतलं. त्याचे केस पांढरे झाले होते आणि कुणी दार लावलं की तो उठून उभा राहायचा. पहिल्याच दिवशी आकारामानं त्याला यंत्राच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. पाटासकट.

जोतिबानं शेवटपर्यंत ऐकलं. "छप्पन साली आमी त्या देवाला नदीत सोडलं, हवालदार," तो म्हणाला. "त्येनं काय आमाला सोडलं न्हाई."

आकारामानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. जोतिबा बसला नाही.

"मोजत न्हाईत म्हनला न्हवं त्ये पाणी?"

"गावात न्हाई मोजत."

"मग हितं कशाला आणलासा?" जोतिबानं पहिल्यांदा आवाज चढवला. "आदी त्ये नाव काढा."

"काढतो. पर मोकळं ठिवता येत न्हाई. दुसरं कुणाचं तरी घालाया लागतंय."

जोतिबा विचारात पडला. त्यानं कपाटांकडे पाहिलं, मग दाराबाहेर, जिथं दादासो ट्रे घेऊन कुणाशी तरी खिदळत होता. "कुणाचं बी घातलं तरी त्येला कवा ना कवा बोलावणं येणार."

"व्हय."

"मग तुमचं घाला."

आकाराम यंत्राला जोडलेल्या टंकयंत्रासमोर बसला. त्यानं एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत स्वतःचं नाव घातलं. जोतिबा मागं उभा राहून ऐकत होता. झाल्यावर त्यानं परत एकदा वाचून दाखवायला लावलं. त्या आठवड्यापासून तक्त्यात सगळ्यांत वर शेडगे आला. आकाराम नोकरीत असेपर्यंत तो तिथंच राहिला, आणि प्रत्येक नव्या साहेबाच्या पहिल्या महिन्यात आकाराम घरून जास्तीचे कपडे पिशवीत घालून यायचा.

जोतिबा मात्र यंत्राला काम नसताना त्या खोलीत पुन्हा शिरला नाही. कारखान्यांची, बँकेची कामं एकदम लागली, टेपा गरगरायला लागल्या, माणसं इकडून तिकडे पळायला लागली, की तो बादली घेऊन यायचा आणि लोकांच्या पायांतून, वायरींच्या मधून फडकं ओढायला लागायचा. नियम त्याला दाखवायची कुणाची छाती झाली नाही. एकदा दादासो ओल्या फरशीवरून घसरला, कार्डं सगळीकडे झाली.

"आरं जोतिबा, ही काय येळ हाय व्हय पुसायची? जरा रिकामं तरी हुंदे की!"

जोतिबानं मान वर केली नाही. "तवा मी हितं नसतो," तो म्हणाला. "लिवून ठिवा कुटं तरी."